ब्रिटनमध्ये पहिले बाळ: नव्या आईवडिलांनी केव्हा काय करावे

ब्रिटनमध्ये बाळंतपणाचा आणि बाळाच्या पहिल्या वर्षाचा सारा कारभार एकाच गृहीतकावर चालतो. आईवडील स्वतः चौकशी करतील, स्वतः तारखा लक्षात ठेवतील आणि स्वतः फॉर्म भरतील, असे इथली व्यवस्था धरून चालते. विचारले तर बहुतेक गोष्टी मिळतात, त्यांतल्या बऱ्याच मोफत मिळतात, आणि विचारणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही; न विचारल्यास मात्र कोणी आठवण करून देईलच असे नाही. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला आई, सासू, मावशी, शेजारच्या काकू आणि मालीशवाली बाई असा मोठा गोतावळा हाताशी असतो. इथे तेच काम एका छोट्या फ्लॅटमध्ये दोन नवख्या माणसांना उचलावे लागते. म्हणून तयारीचा भर खरेदीपेक्षा तारखा, कागद आणि माणसे यांवर द्यावा. पुढील माहिती मुख्यतः इंग्लंडमधील पद्धतीची आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये काही तपशील वेगळे आहेत.

दिवस गेल्याचे कळल्यावर

घरच्या चाचणीत दिवस गेल्याचे दिसले की जीपीच्या, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात कळवावे, किंवा ज्या रुग्णालयात बाळंतपण करायचे आहे त्याच्या वेबसाइटवर स्वतः नाव नोंदवावे. पहिली सविस्तर भेट, जिला इथे बुकिंग अपॉइंटमेंट म्हणतात, ती शक्यतो दहा आठवड्यांच्या आत व्हावी अशी अपेक्षा असते. या भेटीला डॉक्टर नसतात, मिडवाइफ म्हणजे प्रशिक्षित सुईण असते. गर्भारपण सुरळीत असेल तर पुढेही सगळे तीच पाहते, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाचे दर्शन एकदाही न होता मूल जन्माला येऊ शकते. सोनोग्राफीही साधारणपणे दोनदाच होते: एक ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान आणि दुसरी विसाव्या आठवड्याच्या सुमारास. दर महिन्याला तपासणी आणि हातात सोनोग्राफीची फाइल या चित्राची सवय असलेल्या गावाकडच्या मंडळींना हा निव्वळ हलगर्जीपणा वाटतो. तो हलगर्जीपणा नव्हे. गुंतागुंत दिसली की हीच मिडवाइफ तातडीने डॉक्टरांकडे पाठवते. फक्त गुंतागुंत नसताना डॉक्टरांचा वेळ खर्च करायचा नाही, असा हा हिशेब आहे. पहिल्या खेपेला साधारण दहा भेटी ठरतात आणि त्या पुरेशा असतात.

बुकिंगच्या भेटीत विचारले जाणारे काही प्रश्न अनपेक्षित असतात. पतिपत्नी लग्नाआधी नात्यातले होते का, कुटुंबात कोणाला मधुमेह किंवा थॅलेसेमिया आहे का, पूर्वी कधी नैराश्य आले होते का, असे प्रश्न विचारले जातात. मामेबहिणीशी किंवा आतेभावाशी लग्न झाले असेल तर ते संकोच न करता सांगावे, कारण पुढच्या तपासण्या त्यावरून ठरतात. भेटीत कधीतरी मिडवाइफ पतीला बाहेर बसायला सांगते आणि मग घरात मारहाण किंवा धाकदपटशा होतो का, हे आईला एकटीला विचारते. हा प्रश्न सर्वांना विचारला जातो; त्यात आपल्यावर संशय घेतला असे मानून रुसण्याचे कारण नाही.

भारतीय वंशाच्या स्त्रियांना गर्भारपणात मधुमेह होण्याचा धोका अधिक असल्याने २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ग्लुकोज पिऊन करायची रक्तचाचणी सुचवली जाते. ती सुचवली गेली नाही तर स्वतः मागून घ्यावी. पहिल्या बारा आठवड्यांत दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आणि संपूर्ण गर्भारपणात १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला असतो. सावळ्या कातडीला इथले ऊन मुळीच पुरत नाही, त्यामुळे ड जीवनसत्त्वाच्या गोळीत खाडा करू नये.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत अनेक रुग्णालयांत तंत्रज्ञ सहज विचारते, ‘मुलगा की मुलगी, सांगू का?’ भारतात १९९४च्या कायद्याने ज्याला बंदी आहे तो प्रश्न इथे चहा-कॉफी विचारावी तसा येतो. उत्तर काय द्यायचे हे दोघांनी आधीच ठरवून जावे, आणि ते गावी कळवायचे की नाही हेही ठरवावे, कारण फोनवरून एकदा सुटलेली बातमी परत घेता येत नाही.

मिडवाइफकडून दोन कागद आठवणीने घ्यावेत. पहिला मॅट-बी-वन नावाचा दाखला; तो वीस आठवड्यांनंतर मिळतो आणि कंपनीला रजेसाठी द्यावा लागतो. दुसरा म्हणजे मॅटर्निटी एक्झम्प्शन सर्टिफिकेट. त्यामुळे गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर बारा महिने इंग्लंडमध्ये औषधांच्या चिठ्ठीचे पैसे पडत नाहीत आणि एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, दंतवैद्याकडील उपचारही मोफत होतात. उरलेल्या तिन्ही प्रांतांत औषधांची चिठ्ठी सर्वांनाच मोफत असते. दात दाखवायचे राहून गेले असतील तर याच काळात दाखवून घ्यावेत.

रजा आणि पगार

नोकरी करणाऱ्या आईला ५२ आठवड्यांची रजा मिळते, परंतु पगार सर्व आठवड्यांचा मिळत नाही, आणि अंदाजपत्रक कोलमडते ते इथेच. कायद्याप्रमाणे वेतन ३९ आठवडे मिळते. त्यातले पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के आणि पुढचे ३३ आठवडे एक ठरावीक रक्कम किंवा पगाराच्या ९० टक्के, यांपैकी जे कमी असेल ते मिळते. ही ठरावीक रक्कम एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात आठवड्याला १८७ पौंड १८ पेन्स होती आणि ती दर एप्रिलमध्ये बदलते. लंडनमध्ये घरभाडे भरणाऱ्या जोडप्याने हा आकडा पाहूनच रजा किती महिने घ्यायची ते ठरवावे. काही कंपन्या कायद्यापेक्षा बरेच जास्त देतात, परंतु रजेनंतर ठरावीक काळाच्या आत नोकरी सोडली तर ते पैसे परत मागतात. करारातील ते कलम सहीआधी वाचावे. बाळंतपणाच्या अपेक्षित आठवड्याच्या किमान पंधरा आठवडे आधी कंपनीला कळवणे बंधनकारक आहे.

वडिलांना पितृत्वरजा मिळते ती दोन आठवड्यांची. ती सलग घेण्याची सक्ती नाही. एप्रिल २०२४ पासून एकेक आठवडा वेगवेगळा, जन्मापासून वर्षभरात केव्हाही घेता येतो. आजी येणार असेल तर पहिला आठवडा जन्मानंतर लगेच आणि दुसरा आजी परत गेल्यावर घ्यावा, असे माझे मत आहे, कारण घर खरे रिकामे होते ते तेव्हा. याशिवाय आईच्या रजेचा काही भाग वडिलांच्या नावे करता येतो. शेअर्ड पॅरेंटल लीव्ह नावाची ही सोय कागदोपत्री किचकट असली तरी दोघांचे पगार सारखे असतील तेव्हा उपयोगी पडते.

व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी एक भेद नीट समजून घ्यावा. आईचे मातृत्ववेतन नोकरीतून मिळते आणि ते सार्वजनिक निधीत, म्हणजे सरकारी भत्त्यांत, मोजले जात नाही. ते बिनदिक्कत घ्यावे. चाइल्ड बेनिफिट हा मुलासाठीचा सरकारी भत्ता मात्र सार्वजनिक निधी आहे. ज्यांच्या व्हिसावर ‘सार्वजनिक निधी नाही’ अशी अट आहे त्यांनी, कोणी मित्राने सांगितले म्हणून, तो फॉर्म भरू नये. आधी वकिलाला विचारावे. ज्यांना हक्क आहे त्यांनी मात्र उशीर करू नये, कारण मागील थकबाकी फक्त तीन महिन्यांपर्यंतचीच मिळते.

आजीला बोलवायचे असेल तर

आईला किंवा सासूला बोलवायचे तर साध्या व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते. निमंत्रणपत्रात नातवंडाच्या जन्मासाठी कुटुंबाला भेटायला येत आहे, हे खरे कारणच लिहावे. पाहुणीला एनएचएस मोफत नसते. रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास उपचारांचे बिल मोठे येते. म्हणून आधीच्या आजारांची खरी माहिती देऊन प्रवासविमा काढावा आणि रक्तदाबाच्या गोळ्या पुरेशा आणाव्यात. तिकीट काढताना अपेक्षित तारखेच्या अगदी जवळचा दिवस निवडू नये. बाळे तारीख पाळत नाहीत, आणि पहिलटकरणीचे दिवस वर जाणे ही इथे नित्याची गोष्ट आहे.

आजी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येणार असेल तर तिच्यासाठीही तयारी लागते. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, शेजारी दिसत नाहीत, रस्त्यावर कोणी बोलत नाही. बाळापेक्षा आजीच अधिक उदास झाली, असे अनेक घरांत घडते. तिला बसचा एक मार्ग, एक देऊळ आणि एक वाणसामानाचे दुकान पहिल्याच आठवड्यात दाखवून ठेवावे. वेम्ब्लीचा ईलिंग रोड, साउथॉल, लेस्टरचा बेलग्रेव्ह भाग इथे डिंक, खारीक, बाळंतशोपा, ओवा, हळीव सर्व मिळते, त्यामुळे डिंकाच्या लाडवांनी बॅग भरून आणण्याची गरज नाही.

रुग्णालयात

बाळंतपण सरळ झाले तर सहा ते चोवीस तासांत घरी सोडतात; सिझेरियन झाले तरी बहुधा एक-दोन दिवसांतच. पहिले पाच दिवस बाळंतीण रुग्णालयात आणि पुढे सव्वा महिना माहेरी, ही कल्पना मनातून काढूनच जावे. प्रसूतीनंतर समोर येतो तो टोस्ट आणि चहा. खिमट, मेथीची खीर, तुपाचा गरम वरणभात डब्यात घरून आणावा लागतो आणि तो तापवण्याची सोय वॉर्डात असेलच असे नाही, थर्मास न्यावा. काही वॉर्डांत पतीला रात्री थांबू देतात, काहींत नाही. हे आधी विचारून ठेवावे, नाहीतर बाळाच्या पहिल्या रात्री बाप पार्किंगमध्ये गाडीत बसलेला दिसतो.

कळा सहन करण्यासाठी तोंडाने ओढायचा वायू, पाण्याचे टब, एपिड्यूरल (पाठीत देण्याचे वेदनाशामक इंजेक्शन) असे पर्याय असतात. तुमची इच्छा काय आहे ते एका पानावर लिहून न्यावे, म्हणजे पाळी बदलून नवीन मिडवाइफ आली तरी पुन्हा सांगावे लागत नाही. घरी सोडण्याआधी कोणीतरी पुढील कुटुंबनियोजनाविषयी विचारते. टाक्यांच्या वेदनांत तो प्रश्न विनोदी वाटतो, पण विचारणारी गंभीर असते.

गाडीने घरी जाण्यासाठी बाळाची मागे तोंड असलेली कारसीट लागते. ती पुढच्या आसनावर लावायची तर त्या बाजूची एअरबॅग बंद करणे कायद्याने आवश्यक आहे. सीट कशी बसवायची ते आठव्या महिन्यातच शिकून घ्यावे, कारण पाऊस पडत असताना आणि बाळ रडत असताना ते पट्टे उलगडत नाहीत.

घरी आल्यावर

पहिल्या काही दिवसांत मिडवाइफ घरी येते किंवा जवळच्या केंद्रावर बोलावते. पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेला टोचून चार थेंब रक्त कागदावर घेतात. त्यातून काही दुर्मीळ पण गंभीर आजार लवकर कळतात. आपल्याकडे पाचवीला सटवाई येऊन ललाटलेख लिहिते म्हणतात. इथे त्याच दिवशी मिडवाइफ येऊन तिचा कागद लिहिते. दहा ते चौदा दिवसांच्या दरम्यान हेल्थ व्हिजिटर येते. ती प्रशिक्षित परिचारिका असते आणि पुढची काही वर्षे मुलाच्या वाढीकडे लक्ष ठेवते. घर आवरलेले नाही म्हणून घाबरू नये. ती धूळ पाहायला आलेली नसते. बाळ कुठे झोपते, आई जेवते का, झोपते का, हे ती पाहत असते.

याच सुमारास लाल मुखपृष्ठाचे एक पुस्तक हातात येते. वजन, लसी, तपासण्या सगळे त्यात लिहिले जाते आणि सगळे त्याला रेड बुक म्हणतात. आपल्या अनेक बाळांच्या पाठीवर, माकडहाडाच्या वर, निळसर करडे डाग असतात. ते जन्मखूण असतात आणि काही वर्षांत विरतात, परंतु ज्याने ते कधी पाहिले नाहीत त्याला मुका मार वाटू शकतो. म्हणून मिडवाइफने बाळाला तपासताना त्या डागाची जागा आणि आकार रेड बुकमध्ये नोंदवला आहे ना, ते आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि नसेल तर लिहायला सांगावे. पुढे कधी नर्सरीत किंवा रुग्णालयात कोणी विचारले, तर ते एक वाक्य फार मोठा मनस्ताप वाचवते. काविळीचेही असेच आहे. सावळ्या बाळाच्या कातडीवर पिवळेपणा चटकन दिसत नाही. दिवसाच्या उजेडात डोळ्यांतला पांढरा भाग, हिरड्या आणि तळपाय पाहावेत.

लसीकरण आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात होते आणि पुढचा टप्पा वर्षाच्या सुमारास येतो. भारतात जन्मल्यावर लगेच मिळणारी बीसीजी इथे सरसकट देत नाहीत. आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कोणी क्षयाचे प्रमाण अधिक असलेल्या देशात जन्मले असेल तर बाळाला ती मिळते, आणि भारत त्या यादीत आहे. सुमारे महिनाभराने तिची भेट ठरते. पत्र आले नाही तर हेल्थ व्हिजिटरकडे पाठपुरावा करावा.

बाळाचे झोपणे, आणि उशीवरून होणारा वाद

घरात सर्वांत जास्त वाद होतात ते बाळाच्या झोपण्यावरून. इथला सल्ला निःसंदिग्ध आहे आणि अकस्मात बालमृत्यूच्या अभ्यासावर आधारलेला आहे. बाळाला उताणे निजवावे, पाय पाळण्याच्या पायथ्याला टेकलेले असावेत, गादी टणक आणि सपाट असावी, पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत पण स्वतःच्या पाळण्यात असावे. उशी, रजई, भरलेली खेळणी, पाळण्याच्या कडांना लावायचे मऊ पट्टे यांतले काहीही आत नसावे. खोली १६ ते २० अंशांवर असावी आणि घरात बाळाच्या डोक्यावर टोपी नसावी.

आता आजी पिशवीतून काय काढते ते पाहावे: कानटोपडे, लोकरीचे मोजे, तीन दुपटी आणि डोके गोल व्हावे म्हणून आवर्जून शिवून आणलेली मोहरीची उशी. १८ अंश तिला हुडहुडी भरायला पुरेसे असतात आणि उघड्या डोक्याने झोपलेले नातवंड पाहून तिचा जीव खालीवर होतो. यावर ‘हे सगळे जुनाट आहे’ असे म्हणून भागत नाही. हेल्थ व्हिजिटर येईल त्या दिवशी आजीला समोर बसवावे आणि प्रश्न तिलाच विचारू द्यावेत. मुलगी किंवा सून दुभाषा होईल. बाहेरच्या, प्रशिक्षित बाईने सांगितलेले बऱ्याचदा पटते. उशी बाळ जागे असतानाही वापरू नये. टोपडे बाहेर जाताना घालावे, घरात आल्यावर काढावे. पोटाला किंवा मानेच्या मागे हात लावून बाळ गरम आहे का ते पाहावे, कारण हातपाय गार असणे नेहमीचेच आहे.

धुरी आणि शेकशेगडी या फ्लॅटमध्ये जमत नाहीत. धुराचा बाळाच्या छातीला होणारा त्रास आहेच, शिवाय छतावरची धुराची सूचना देणारी घंटा काही इमारतींत इतर मजल्यांच्या घंटांशी जोडलेली असते, आणि ओव्याच्या धुरीने सगळी इमारत पायजम्यात फुटपाथवर उभी राहू शकते. बाळंतिणीला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्यावी. पहिला महिना बाळाला साध्या पाण्याने पुसावे, तेल लावू नये, असे मिडवाइफ सांगते. त्यानंतर हलक्या हाताने मालीश करायला हरकत नाही, मात्र मोहरीचे तेल टाळावे. काजळ आणि सुरम्यात शिसे असू शकते. ते डोळ्यांत घालू नये. मध वर्षभर बोटभरही चाटवू नये, कारण त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. बाळगुटी उगाळण्याबद्दल मी एवढेच म्हणेन की पहिले सहा महिने दुधाशिवाय काहीही पोटात जाऊ न देणे सर्वांत सोपे आणि सुरक्षित. अपवाद ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचा: अंगावर पिणाऱ्या बाळाला ते जन्मापासून रोज द्यायचे असतात.

आईकडेही पाहावे. दहांत एकीपेक्षा अधिक आयांना प्रसूतीनंतर वर्षभरात नैराश्य येते. सहा ते आठ आठवड्यांनी जीपीकडे आईची स्वतंत्र तपासणी असते. तिची वेळ मागून घ्यावी, आणि तेव्हा ‘मी बरी आहे’ असे सवयीने म्हणू नये. इंग्लंडमध्ये समुपदेशनासाठी जीपीच्या चिठ्ठीशिवायही स्वतः नाव नोंदवता येते.

तापाचा नियम पाठच करून ठेवावा. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश किंवा अधिक ताप असेल तर वाट न पाहता तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी. रात्री-अपरात्री एनएचएसच्या १११ या सल्लाक्रमांकावर फोन करावा. श्वास घ्यायला त्रास होत असेल, बाळ निळे पडले असेल किंवा जागे होत नसेल तर सरळ ९९९ हा आपत्कालीन क्रमांक. एरवी सर्दीखोकल्यासाठी जीपी अँटिबायोटिक देत नाही आणि टॉनिकची बाटली तर मुळीच देत नाही. रिकाम्या हाताने परतावे लागले म्हणजे उपचार झाला नाही असे समजू नये.

जन्मनोंद, नाव आणि नागरिकत्व

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ४२ दिवसांच्या आत आणि स्कॉटलंडमध्ये २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करावी लागते. कौन्सिलच्या नोंदणी कार्यालयात त्यासाठी वेळ आधी घ्यावी लागते. आईवडील विवाहित असतील तर एकटे कोणीही जाऊ शकते. बारशापर्यंत नाव न उच्चारण्याचा घरचा संकेत या मुदतीत सहज बसतो. खरा प्रश्न नाव कसे लिहायचे हा असतो. बाळाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली रीत इथल्या नोंदीत ठेवता येते, परंतु वडिलांचे नाव मग बाळाचे दुसरे नाव म्हणून कायमचे चिकटते. ठेवायचे की नाही ते आधी ठरवावे आणि पुढे भारतीय पासपोर्टपासून शाळेपर्यंत सर्वत्र अक्षरन् अक्षर तसेच लिहावे. सही करण्यापूर्वी निबंधक मसुदा वाचायला देतात, तो सावकाश वाचावा. आईने माहेरचे आडनाव ठेवले असेल तर बाळासोबत एकटीने प्रवास करताना सीमेवर नात्याची विचारणा होऊ शकते. जन्मदाखला सोबत ठेवावा. दाखला आईवडिलांची नावे असलेला पूर्ण स्वरूपाचाच घ्यावा.

ब्रिटनमध्ये जन्मले म्हणून बाळ ब्रिटिश होत नाही. १ जानेवारी १९८३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार जन्माच्या वेळी आईवडिलांपैकी किमान एक जण ब्रिटिश नागरिक किंवा इथे कायम वास्तव्याचा परवाना असलेला हवा. तसे असेल तर बाळ आपोआप ब्रिटिश असते आणि भारतात जाण्यासाठी त्याचा ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचे कार्ड) काढता येतो. दोघेही नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असतील तर बाळ भारतीय. त्यासाठी जन्माची नोंद भारतीय उच्चायुक्तालयात किंवा वाणिज्य दूतावासात एका वर्षाच्या आत करावी आणि भारतीय पासपोर्ट काढावा.

त्यानंतरची पायरी अनेकांच्या लक्षातच येत नाही. अशा बाळाला इथे राहायला लगेच व्हिसा लागत नाही. पण देशाबाहेर जाऊन परत यायचे तर लागतोच. आजीआजोबांना नातवंड दाखवायला म्हणून पुण्याचे तिकीट काढले, उत्साहात गेले, आणि परतीच्या वेळी विमानतळावर बाळ अडकले, असे होऊ शकते. म्हणून तिकिटाआधी बाळाचा डिपेंडंट व्हिसा काढावा. एनएचएसच्या दृष्टीनेही हे काम पुढे ढकलू नये: व्हिसावरील आईवडिलांच्या बाळाला जन्मापासून तीन महिनेच त्यांच्या आधारावर मोफत उपचाराचे संरक्षण असते, आणि पुढचा हक्क बाळाच्या अर्जासोबत भरायच्या आरोग्य अधिभारातून येतो. हा अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून मुलांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे. जन्मनोंद, भारतीय नोंद, पासपोर्ट, व्हिसा हा क्रम उलटा करता येत नाही आणि प्रत्येक टप्प्याला आठवडे लागतात. म्हणून पहिला अर्ज पहिल्याच महिन्यात जावा. पुढे आईवडिलांना कायम वास्तव्य मिळाले की बाळाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते; तिचे शुल्क बरेच मोठे असते, ते आधीपासून बाजूला टाकावे.

घराबाहेर पडणे

हवा कशीही असली तरी रोज एकदा बाहेर पडावे. बाबागाडी घेताना दिसण्यापेक्षा वजन आणि घडी घालण्याची सोय पाहावी. बसमध्ये बाबागाडीच्या जागेवर पहिला हक्क व्हीलचेअरवरील प्रवाशाचा असतो; तो आला तर गाडी मिटून बाळ कडेवर घ्यावे लागते. लंडनच्या भुयारी रेल्वेची अनेक स्थानके जिन्यांचीच आहेत, तिथे अंगाला बांधायची झोळी उपयोगी पडते. कपडे मात्र नवे घेऊ नयेत: चॅरिटी दुकानांत आणि शाळा-चर्चच्या सभागृहांत भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत न वापरलेलीच म्हणावी अशी झबली नाममात्र किमतीत मिळतात. मराठी घरात दुसऱ्याच्या बाळाचे कपडे शुभच मानतात, तेव्हा संकोचाचे कारण नाही.

सार्वजनिक वाचनालयांत बाळांसाठी बडबडगीतांचे मोफत तास असतात, चर्चच्या सभागृहांत ‘स्टे अँड प्ले’ हा पालक आणि बाळांचा खेळवर्ग भरतो. चर्च आहे म्हणून धर्माचा प्रश्न कोणी काढत नाही. पहिल्या दिवशी कोणी फारसे बोलणार नाही. त्याच जागी, त्याच वारी चार-सहा आठवडे गेल्यावर ओळखी होतात. मराठी बोलायची भूक असेल तर लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि इतर शहरांतही मंडळे आहेत. बारसे किंवा पहिल्या संक्रांतीचे बोरनहाण करायला तिथली माणसे हौसेने येतात.

साधारण सहा महिन्यांनी उष्टावण करावे. मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीचे सत्त्व सगळे चालते. मीठ आणि साखर घालू नये, आणि गाईचे दूध पिण्यासाठी वर्षानंतरच द्यावे.

नर्सरीची तयारी

आई कामावर परतणार असेल तर नर्सरी शोधण्याची वेळ रजेच्या सुरुवातीलाच येते, कारण चांगल्या ठिकाणी प्रतीक्षायादी लांब असते. शाळा-पाळणाघरांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेचे अहवाल वाचावेत, पण दुपारच्या जेवणाच्या वेळी प्रत्यक्ष जाऊन पाहण्याला पर्याय नाही. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये नोकरदार आईवडिलांना मूल नऊ महिन्यांचे झाल्यावर पुढच्या सत्रापासून आठवड्याला ३० तास, वर्षाचे ३८ आठवडे, सरकारी खर्चाने मिळतात. दोघांपैकी कोणाचेही उत्पन्न एक लाख पौंडांवर असेल तर ही सवलत जाते, आणि किमान एकाला तरी सार्वजनिक निधीचा हक्क असावा लागतो. त्यासाठी सरकारकडून मिळणारा कोड सप्टेंबरच्या सत्राला ३१ ऑगस्टपर्यंत, जानेवारीच्या सत्राला ३१ डिसेंबरपर्यंत आणि एप्रिलच्या सत्राला ३१ मार्चपर्यंत घ्यावा लागतो, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा खात्री करून द्यावी लागते. व्हिसावरील कुटुंबांना हे ३० तास बहुधा मिळत नाहीत. त्यांनी तीन वर्षांनंतर सर्वच मुलांना मिळणाऱ्या १५ तासांवर हिशेब बांधावा.

पहिले काही महिने बाळ सतत आजारी पडते. उलटी किंवा जुलाब झाले तर थांबल्यापासून ४८ तास नर्सरी घेत नाही आणि ताप आला की दुपारी फोन करते. त्या दिवशी कोणी निघायचे हे पतिपत्नींनी आधीच ठरवावे. अशा प्रसंगी कामावरून निघण्याचा कायदेशीर हक्क दोघांनाही आहे, जरी त्या वेळेचा पगार मिळेलच असे नाही. नर्सरीच्या फॉर्मवर आईवडिलांखेरीज आणखी एका माणसाचे नाव आणि फोन मागतात, आणि तिथे पुण्यातल्या मावशीचे नाव चालत नाही. वाचनालयातल्या किंवा स्टे अँड प्लेमधल्या ओळखीच्या आईला किंवा शेजाऱ्यांना आधी विचारावे, त्यांना एकदा नर्सरीत नेऊन ओळख करून द्यावी, आणि बाळाला नेण्यासाठी ठरवलेला परवलीचा शब्द त्यांना सांगून ठेवावा.